गोष्टीचा चोथा

माझ्याकडे एकच विनोदी गोष्ट आहे. ती माझ्यावरच ओढवलेली असल्यामुळे वाटेल तितक्या वेळा सांगायचा मला हक्क आहे, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासूबाई भुसावळला परत निघाल्या म्हणून मी त्यांना सोडायला सकाळी नाशिक रोड स्टेशनवर गेलो. अंगावर लेंगा, पायात स्लिपर, हातात वाटेत घेतलेली दुधाची पिशवी. त्यांची ट्रंक बाकाखाली सरकवायला डब्यात चढलो. ट्रंक अडकली, मी ढकलत बसलो आणि गाडी सुटली. पुढचा थांबा एकदम मनमाड. तेवढ्यात तिकीट तपासनीस आला.

"कुठं जायचंय?"

"घरी."

"घर कुठंय?"

"मागं राहिलं."

ही गोष्ट ऑफिसात पहिल्यांदा सांगितली तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला. तिथंच मी बिघडलो. मग ती मी बारशांत सांगितली, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितली, रक्त तपासायला गेलो तेव्हा सुई टोचणाऱ्या मुलीलाही सांगितली. दर खेपेला थोडी भर पडायची. दुधाच्या एका पिशवीच्या दोन झाल्या. तपासनिसाला मिशा आल्या.

माझी बायको इंदिरानगरातल्या एका शाळेत मराठी शिकवते. एका रविवारी शेजारी गोष्ट ऐकून गेले आणि मी सहज विचारलं, "तुला कंटाळा येतो का गं?"

तिनं तपासायच्या वह्या बाजूला ठेवल्या. "कंटाळा पहिल्या दहा वेळा आला. मग वीट आला. वीट आला की माणूस निदान उठून आत जातो. मी जायचे, तुमच्या लक्षात नसेल आलं. आता उबग आलाय. आता उठायचंही त्राण नाही."

"म्हणजे गोष्ट वाईट आहे?"

"गोष्ट छान होती हो. तुम्ही तिचा चोथा केलात. रस कधीच संपला, तुम्ही चिपाडच चरकात घालताय."

"घासून घासून गुळगुळीत केलीत, बाबा!" आतल्या खोलीतून मुलगी ओरडली.

एकाच विषयावर मराठीत इतके शब्द आहेत हे मला त्या दिवशी कळलं. सगळे माझ्यावरच खर्च झाले होते. मी दोन दिवस फुगून बसलो.

पुढं मुलीनं स्वतःचं लग्न स्वतः जमवलं. मुलगा देवळ्याचा, घरचा कांद्याचा व्यापार. आम्ही त्यांच्याकडे जायला निघालो तेव्हा दोघींनी मला गाडीत शपथ घातली : ती गोष्ट नाही. मी शब्द दिला.

माणसं भली होती, पण दोन्हीकडून संकोच. मुलाचे वडील आधी कांद्याच्या भावावर बोलले, मग कांदा साठवायच्या चाळीवर बोलले आणि मग एकदम गप्प झाले. आम्हीही गप्प. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मुलाच्या आईनं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "तुमचं इकडं कधी येणं नाही झालं का?"

"मनमाडपर्यंत आलोय," मी म्हणालो, आणि मुलीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच बशीतल्या शेवेकडे वळलो. माझ्या घशाशी अख्खी गोष्ट येऊन थांबली होती.

आणि माझी बायको म्हणाली, "मनमाडला ना, हे लेंग्यावर गेले होते."

मी थक्क झालो. तिनं सांगायला सुरुवात केली. कसलीही घाई नाही, मिशा नाहीत, दुधाची पिशवी एकच. ट्रंकेपाशी आली आणि म्हणाली, "हे सगळ्यांना सांगतात ट्रंक अडकली. ट्रंक केव्हाच सरकली होती. आईनं चिवड्याचा डबा उघडला आणि हे बसले खायला! आई म्हणत होती, जावईबापू, शिट्टी झाली. हे म्हणाले, एवढा घास संपवतो."

मुलाच्या आईनं तोंडाला पदर लावला, पण हसू आवरेना. वडील मांडीवर थाप मारून म्हणाले, "लय भारी!" मग त्यांनी मुलाला, म्हणजे आमच्या होणाऱ्या जावयाला, आतून चिवडा आणायला सांगितलं आणि अख्खा डबा माझ्यासमोर ठेवला. मी लाजत लाजत खाल्ला. त्यानंतर कुणालाच विषय शोधावा लागला नाही.

परतताना मी बायकोला विचारलं, "चिवड्याचं तुला कधीपासून माहीत होतं?"

"आईनं त्याच आठवड्यात पत्रात कळवलं होतं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही मध्ये कधी थांबलात?"

लग्न झालं, दोघं सुखात आहेत. मात्र गोष्ट आता व्याह्यांकडे गेली आहे. ती ते दुकानात सांगतात, लग्नांत सांगतात आणि दर रविवारी फोन करून मलाच ऐकवतात. मला आधी कंटाळा आला, मग वीट. परवा फोन आला तेव्हा मी उबगापर्यंत पोचलो होतो.

"व्याही," ते म्हणाले, "तुम्ही त्या तपासनिसाला थोडा चिवडा दिला का नाही?"

"नाही हो, सुचलंच नाही."

"असू द्या," ते म्हणाले, "पुढच्या वेळेस मी देतो."