डाव्या हाताने निवडलेले सोनेरी चमचे

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. पुढे कुणी म्हणायला नको की बाईने लपवलं. आणि सोनेरी चमच्यांच्या नादाला मी लागले ती हौस म्हणून नाही. आमच्या घरात सोनेरी म्हणून जे काही आहे ते गणपतीच्या मखराला, बाकी सगळं स्टील. तरीही गेल्या वर्षी पेणच्या बाजारातून मी चोवीस नगांचा गोल्ड फिनिश काट्या-चमच्यांचा सेट, काळ्या मखमली खोक्यासकट, घरी घेऊन आले. का, ते ऐका.

माझे बाबा रोह्याचे. तिथल्याच शाळेत जन्मभर गणित शिकवलं. आई गेल्यावर एकटेच राहायचे आणि मी 'पेणला चला' म्हटलं की म्हणायचे, "बघू गो." मग एका सकाळी त्यांच्या उजव्या हातातून चहाचा कप निसटला. शेजारचे गृहस्थ धाटावच्या कंपनीतून रात्रपाळी संपवून नुकतेच परतले होते, त्यांनी आवाज ऐकला आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं. लकवा होता, पण सौम्य. पाय सावरला, जीभ सावरली. उजवा हात मात्र रुसला तो रुसलाच. मग काय, 'बघू' वगैरे काही चाललं नाही, मी त्यांना उचलून पेणला आणलं.

आता गंमत अशी की बाबा म्हणजे पंगतीचा माणूस. जेवताना गप्प बसलेलं मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. वालाच्या बिरड्याचा पहिला घास घेतला की त्यांना कुठलातरी विद्यार्थी आठवणार, त्या विद्यार्थ्याने केलेली चूक आठवणार, आणि ताटं वाळेपर्यंत आम्ही हसत बसणार. हाच माणूस आमच्याकडे आल्यावर टेबलाशी बसेना. "माझं ताट खोलीत दे," म्हणाले. वर चमचा दे, आणि भात अर्धाच. ताट घेऊन गेले की दार बंद. कडी नाही, पण दार बंद म्हणजे बंद.

कारण मला कळत होतं. डाव्या हाताने, चमच्याने, सांडत-लवंडत जेवायचं, तेही जावयासमोर! आमच्याकडे भाताला चमचा लावतो तो आजारी माणूस किंवा लहान पोर. दोन महिने हे असं चाललं. ताट परत यायचं ते चकाचक, पण बाबांचा सदरा खांद्यावरून घसरायला लागला होता. अर्ध्या भातावर माणूस किती दिवस काढणार? मला रात्रंदिवस एकच भीती, बाबा हळूहळू जेवणच सोडणार. एकदा जेवणातून मन उठलं की माणूस सगळ्यातूनच उठतो, हे मी आईच्या वेळी पाहिलं होतं. मी समजावलं, चिडले, एकदा तर भांडले. ते शांतपणे म्हणायचे, "ताट दे गो, निवतंय."

मध्येच त्यांचे कागद आणायला रोह्याला जावं लागलं. तिथल्या भांड्यांच्या दुकानात शिरले. म्हटलं, बाबांच्या हातात नीट बसेल असा जाड दांड्याचा चमचा मिळतो का बघावं. तर गल्ल्यावरचे गृहस्थ उठून उभेच राहिले. "सरांची मुलगी ना तुम्ही? सर कसे हायत? चमचा कोणासाठी, सरांसाठी?" झालं! रोह्यात निम्मे दुकानदार बाबांचे विद्यार्थी. तिथे चमचा घेतला असता, तर सर चमच्याने जेवतात ही बातमी धाटावची शिफ्ट सुटायच्या आत गावभर झाली असती. "छे हो, चहाचं गाळणं बघत होते," म्हणाले आणि नको असलेलं गाळणं घेऊन बाहेर पडले.

परतीच्या गाडीत मी त्या गाळण्याकडे बघत धुमसत होते. स्वतःवर, बाबांवर, त्या हातावर. कासू स्टेशन येईपर्यंत राग जरा निवला आणि डोकं चालायला लागलं. बाबांना एकट्याला चमचा दिला की ते आजारी ठरतात. घरातल्या सगळ्यांनीच चमच्याने जेवायला सुरुवात केली तर? पण उगाच साधे चमचे मांडले असते, तर गणिताच्या मास्तरांनी माझं गणित एका मिनिटात सोडवलं असतं. काहीतरी भपकेबाज हवं होतं, नातीचं खूळ म्हणून खपून जाईल असं. आणि माझी लेक गेलं वर्षभर मोबाईलवर सोनेरी काटे-चमचे दाखवून माझं डोकं खात होतीच.

तिला म्हटलं, "चल, घेऊ तुझे ते सोनेरी चमचे." ती माझ्या कपाळाला हात लावून ताप बघायला लागली.

दुकानात जाताना मी पर्समध्ये दोन प्लास्टिकच्या डब्या घेतल्या, एक मोकळी आणि एकीत मूठभर सुके वाल. दुकानदाराने एकेक सेट उघडून मांडला की मी त्यातला चमचा डाव्या हातात धरायची आणि या डबीतले वाल त्या डबीत टाकायची. पातळ दांड्याचा चमचा बोटांत फिरायचा. वजनदार असला की मनगट दुखायचं. एकाचा खोलगा इतका उथळ की वाल काचेवर, काउंटरखाली, शेजारच्या बाईंच्या पिशवीत. लेक दुकानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन अनोळखी असल्यासारखी कढया बघत उभी राहिली.

दुकानदाराने बराच वेळ सोसलं. मग म्हणाला, "ताई, चमचे मी वीस वर्षं विकतोय, पण असं गिऱ्हाईक नाय बघितलं. लग्नाच्या रुखवतात मांडायचेत का?"

"जेवायचंय या चमच्यांनी," मी खेकसले.

"मग उजव्या हातात धरा की!"

"मी डावरी आहे," मी ठोकून दिलं आणि लगेच उजव्या हाताने पदर सारखा केला. त्याने पुढचा सेट उघडला. भला माणूस.

शेवटी एक चमचा हातात आला आणि बसलाच. दांडा गोलसर, जाड पण पोकळ असावा, कारण जड नव्हता. खोलगा चांगला खोल. सगळे वाल पलीकडे गेले, एकही सांडला नाही. मी जवळजवळ ओरडलेच, "हाच!"

"यात सोनेरीच येतो, ताई. साध्यात हा आकार नाय," तो म्हणाला. मला तर सोनेरीच हवा होता. मग त्याने तीन सोनेरी छटा काढल्या. इथे मात्र लेक धावत आली, कारण पेणच्या माणसाला सोनेरी रंग म्हटलं की मत असतंच. निम्म्या गावाचे हात कधी ना कधी गणपतीच्या कारखान्यात सोनेरी रंगात बुडालेले.

"हा मुकुटाचा सोनेरी," दुकानदार म्हणाला, "जरा भडक. हा पितांबराच्या काठाचा, मऊ. आणि हा रोझ गोल्ड म्हणतात तो, पण खरं सांगायचं तर तांबं."

आम्ही पितांबराचा काठ घेतला. बाबांच्या डोळ्यांवर येऊ नये एवढंच माझं म्हणणं. किंमत विचारू नका, मीही नवऱ्याला सांगितली नाही.

नवरा डोलवीच्या कंपनीत. उभा जन्म पोलादाच्या धगीत गेला, त्यामुळे घरात कुठलंही भांडं आलं की त्याची तपासणी त्याच्याकडे. त्याने चमचा उजेडात धरला, नखाने टिचकी मारली, फ्रिजवरचं चुंबक काढून लावून बघितलं. चुंबक चिकटलं नाही.

"स्टील बरं आहे," म्हणाला. "पण चांगल्या स्टीलला रंग कशाला फासायचा?"

"रंग नाही पप्पा, कोटिंग. आणि तारेच्या घासणीने कोणी घासायचं नाही!" लेकीने फर्मान काढलं.

मी दोघांना जवळ बसवून बेत सांगितला. रविवारी दुपारी सगळ्यांनी चमच्यानेच जेवायचं. कोणी हाताने घास घेतला तर माझ्याशी गाठ आहे. आणि बाबांकडे टक लावून कोणी बघायचं नाही.

रविवारी मी मऊ भात केला, आमटी केली, बिरडं केलं. आणि अकलेचे तारे तोडून पोह्याचे पापडही भाजले. काट्याने पापड कसा खातात हे मला आजवर कळलेलं नाही. टेबलावर ताटं मांडली, प्रत्येक ताटाच्या डावीकडे चमचा आणि काटा. नवरा म्हणाला, "चमचा उजवीकडे ठेवतात ना?" मी नुसतं बघितलं. तो पाण्याची भांडी भरायला लागला.

लेक आजोबांना घेऊन आली. "नवीन चमचे बघा तरी, आजोबा, मग खोलीत जा." बाबा काठी टेकत आले. उन्हात चमचे लखलखत होते. त्यांनी एकदा सगळ्या ताटांवरून नजर फिरवली आणि त्यांच्या मिशीत हसू आलं.

"काय गो," मला म्हणाले, "माझ्या तोंडात सोनं घालायची एवढी घाई झाली?"

अरे देवा! माझ्या हातातला डाव आमटीत पडला. माणूस जाताना त्याच्या तोंडात गंगाजळ, तुळशीचं पान आणि सोन्याचा कण घालतात, हे मला शेंबड्या पोराइतकंही आठवू नये? आकार बघितला, वजन बघितलं, छटा बघितली, आणि म्हाताऱ्या बापाच्या ताटाशी सोन्याचा चमचा ठेवताना एवढी एक गोष्ट डोक्यात आली नाही. नवऱ्याने जीभ चावली. लेक रडवेली झाली.

आणि मला जो राग आला म्हणता! लाज वाटली की मला रागच येतो.

"घाई मला नाही, तुम्हाला झालीय!" मी ओरडले. "दोन महिने दार लावून अर्ध्या भातावर बसलात. सदरा बघा कसा लोंबतोय. सोनं काय फक्त शेवटीच लावतात तोंडाला? उष्टावणाला मामा सोन्याच्या अंगठीने खीर भरवतो, ती काय जायची तयारी असते? मग उष्टावण समजा तुमचं आणि बसा! मला भीती वाटते हो बाबा. रोज ते दार बंद झालं की भीती वाटते. काय करता तुम्ही आत?"

बाबांनी काठी टेबलाला टेकवली, खुर्ची ओढली आणि बसले.

"अभ्यास," म्हणाले.

"कसला?"

"डाव्या हाताचा." सोनेरी चमचा उचलून ते तो बोटांत फिरवून बघत होते. "असंच आलो असतो तर तुम्ही सगळ्यांनी माझ्या अंगावर काय सांडतंय तेच बघितलं असतं. म्हटलं, आधी तयारी करावी. सात दिवस ओळीनं एकही शीत खाली पडलं नाही की बाहेर जाऊन बसायचं, असं ठरवलं होतं. पाचव्या दिवसापर्यंत जातं गो, मग कुठंतरी घोटाळा होतो. मग पुन्हा पहिल्यापासून."

"आणि अर्धा भात?"

"पूर्ण घेतला तर हात दमतो. सांडतं."

हा माणूस जेवण सोडतोय म्हणून मी रात्र रात्र जागले, आणि हा आत बसून सराव करत होता! ताट चकाचक कसं यायचं तेही कळलं, पडलेली शितं मास्तर स्वतः वेचत होते. मला हसूही येत होतं आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं.

"चमचा चांगला निवडलास," ते म्हणाले. "दांडा फिरत नाही. वाढ."

मग जेवण सुरू झालं, आणि आमची जी काय फजिती झाली! नवऱ्याने पापडाला काटा टोचला, पापडाचे तुकडे आमटीत. लेकीचे वाल चमच्यावरून घरंगळत थेट मांडीवर. माझाही चमचा डाव्या हातात, आणि मी डावरी नाही हे एव्हाना माझ्या पदरालाही कळलं होतं. आणि बाबा? कोपर टेबलाला टेकून, वाटी ताटाजवळ ओढून, बेताबेताने चमचा भरत होते. आमच्या सगळ्यांत झकास तेच जेवत होते. वर शिकवणी सुरू झाली. "जावईबापू, चमचा भरून घेऊ नका, पाऊण घ्या. नातबाई, तोंड चमच्याकडे नेऊ नको, चमचा तोंडाकडे आण." मग त्यांना एक विद्यार्थी आठवला, ज्याने पाऊण म्हणजे किती ते फळ्यावर चुकवलं होतं, आणि ती गोष्ट सांगता सांगता ते स्वतःच इतके हसले की चमचा कलंडला.

टेबलावर शितं सांडली. नवरा खिडकीबाहेर बघायला लागला. लेक पाण्याच्या भांड्यात बघायला लागली. मी मात्र बाबांच्या तोंडाकडे.

बाबांनी चष्मा नीट करून शितं मोजली.

"चार," म्हणाले. "नापास."

"मग आता?" मी विचारलं. "पुन्हा खोलीत?"

"परीक्षा काय खोलीत बसून देतात होय गो?" बाबांनी चमचा आमटीत बुडवला. "केंद्रावरच यायला लागतं."