कोरड्या बंदरातला नारळ

आमच्या घराण्यातली पहिली बी.कॉम. मी. हे मी वरचेवर सांगते, आणि ज्यांना ऐकून कंटाळा आलाय त्यांनी तेवढ्यात चहा घेऊन यावा. बाबांचा जन्म कल्याणच्या खाडीत होडीवर गेला. शाळेशी त्यांचा संबंध आला तो शाळा बांधायला रेती पोचवण्यापुरता. त्यामुळे माजिवड्याला, परदेशी माल पाठवणाऱ्या ऑफिसात मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी नीट चौकशी केली.

"काम काय गो बाय?"

"बंदराचं," मी ताठ मानेनं सांगितलं. "नेपाळला माल पाठवायचा. त्यांना समुद्र नाही, म्हणून सीमेवर जमिनीवरच बंदर केलंय. कोरडं बंदर. ट्रक येतात, वजन होतं, कस्टमवाले तपासतात, माल पुढे जातो."

बाबांनी तोंडातली तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "पानी नाय, होरी नाय, न त्याला बंदर बोलतान?" मग आईकडे वळून म्हणाले, "तुझ्या पोरीला कोनीतरी फसवलंय."

झालं. त्या दिवसापासून मी घरात शिरले की विचारपूस सुरू. "आज भरती होती का गो तुझ्या बंदरान?" एका हळदीत तर त्यांनी पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, "ही आमची धाकटी. जमिनीवर होऱ्या चालवते." मी हसले, पण लागलंच होतं. एवढं शिकून बापाला आपला धंदा खरा वाटू नये?

मग साहेबांनी पहिल्यांदाच एक अख्खा ट्रक माझ्या एकटीवर सोपवला. माल उल्हासनगरच्या एका शेठच्या जीन्सचा. त्यांनी उधारीवर कापड उचलून शिवून घेतलेल्या. नेपाळात दशैं, म्हणजे त्यांचा दसरा, जवळ आला होता. त्याआधी माल काठमांडूच्या दुकानात लागला तर शेठ तरले, नाहीतर बुडाले. आणि त्यांच्याबरोबर मीही.

गोदाम शहाडला, आमच्या घरापासून जवळ. म्हणून आईनं डबा देऊन बाबांना पाठवलं. त्यांनी ट्रकभोवती चक्कर मारली, टायर दाबून पाहिला, आत डोकावले. "नाक कुठलं याचं?" म्हणाले. होडीच्या पुढच्या टोकाला ते नाक म्हणतात. मी म्हटलं, "बाबा, डबा ठेवा आणि घरी जा." मी खोक्यांचे फोटो काढले, गोदामातून कागद घेऊन आले, दार लावून घेतलं, स्वतःच्या हातानं सील ठोकलं. बाबा रस्त्याच्या कडेला उभे राहून ट्रक दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. मला वाटलं, अखेर पटलं वाटतं यांना.

ट्रक सीमेवर पोचला आणि तिथल्या आमच्या एजंटाचा फोन आला. तो जरा चाचरतच बोलला.

"मॅडम, अंदर नारियल निकला है."

"कसला नारियल?"

"एक ही है. हल्दी-कुमकुम लगा हुआ. लाल कपड़े में."

सीलबंद ट्रकमध्ये, कागदावर फक्त जीन्स, आणि दाराशी एक नारळ. तपासणाऱ्या साहेबांना शंका आली. यादीत नसलेली एक वस्तू निघाली तर आणखी काय काय असेल? शिवाय नारळ म्हणजे झाडाचं फळ, त्याला वेगळा दाखला लागतो. ट्रक बाजूला लावला.

ऑफिसात एवढं कळायचा अवकाश. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "बघ हं, साहेब आता तुझ्याच हातात नारळ देतील." सगळे खिदळले. तिकडे शेठ दर थोड्या वेळानं फोन करत होते. "मॅडम, मेरा दशैं निकल जाएगा." बिचारे ओरडतही नव्हते, त्यानंच जास्त धडकी भरत होती.

घरी गेले ती सरळ बाबांसमोर. "नारळ तुम्ही ठेवलात?"

"मंग कोन ठेवनार?" बाबा शांत. "पैल्या सफरीला होरी नारलाशिवाय सोरतान का? नाकाशी ठेवायचा होता, पन तिथं तुझी खोकी. म्हनून तू कागद आनायला गेलीस तवा दाराशी कोपऱ्यान ठेवला."

"मला सांगायचं तरी!"

"तू ठेवू दिला असतास?"

मलाच आतून हसू फुटायला लागलं. वर्षभर 'हे बंदर नाही, हे बंदर नाही' म्हणणाऱ्या माणसानं माझ्या ट्रकला होडीचा मान दिला होता. फक्त तो कस्टमच्या कागदात बसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या लेटरहेडवर मी स्पष्टीकरण लिहिलं. इंग्रजीत, शुद्ध, एकही चूक नाही. पदवी कशाला घेतलीय? खोटं काही लिहिलं नाही. पाठवणारीचे वडील खाडीवरचे आहेत, पहिल्या प्रवासाला नारळ ठेवण्याची त्यांच्यात रीत आहे, तो विकायचा माल नाही, आपण म्हणाल तसं करू. आमच्या साहेबांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं आणि सही केली.

तिकडून निरोप आला. सगळी खोकी उघडून पाहिली, माल ठीक आहे. नारळ मात्र आत सोडता येणार नाही, साक्षीदारांसमोर नष्ट करा. संध्याकाळी ट्रक सुटला. जीन्स वेळेत काठमांडूला लागल्या. शेठनी फोनवर एवढे आशीर्वाद दिले की मलाच अवघडल्यासारखं झालं.

एजंटानं नारळ नष्ट केल्याचा फोटो पुरावा म्हणून पाठवला होता. तो मी घरी बाबांना दाखवला. सिमेंटच्या कट्ट्यापाशी एजंट, ड्रायव्हर, दोन हमाल, आणि मधोमध फुटलेला नारळ.

"कुठं फोरला?"

"तिथेच. बंदरात."

बाबांनी फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. कट्ट्याच्या खाली काळपट ओल पसरली होती. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं.

"हे काय," ते म्हणाले, "पानी हाय की."

मग फोन आईकडे दिला. "बघ गो, पोरीचं बंदर."

आईनं चष्मा लावून फोटो नीट पाहिला. पाणी तिनं पाहिलंच नाही.

"नष्ट केला म्हंतेस ना?" ती म्हणाली. "मंग हा डायवर काय चावतंय?"