उघड्या बाटलीचा नैवेद्य

आमच्या घरात दारूबंदीचा कायदा एकाच माणसाने मोडला, तो मी. तोही थेंब न चाखता.

लग्नाला सहा महिने झाले होते. मी दादरची, मॅट्रिक पास, भुतंखेतं न मानणारी. सासर अंधेरीचं, पण मूळ मालवणचं. सासूबाईंच्या मते गावचा राखणदार त्यांच्याबरोबर बोटीने मुंबईला आला होता आणि मरोळच्या वाटेवर एका चिंचेत राहत होता. (त्याचं तिकीट कोणी काढलं, असं मी विचारलं. दोन दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही.)

हे सरकारी कचेरीत कारकून. नोकरी कायम व्हायला दोन महिने उरले होते. ती व्हावी म्हणून सासूबाईंनी राखणदाराला दारूची बाटली कबूल केली होती. म्हणजे नोकरी टिकावी म्हणून, सापडली तर नोकरी जाईल अशी वस्तू! शिवाय तिथवर जायला मित्राकडून मागून आणलेली मोटार जप्त होईल ती वेगळीच. ह्यांनी परोपरीने सांगून पाहिलं. सासूबाईंनी बाटली पैदा केली, देवापुढे तिचं बूच काढलं आणि माझ्या हातात दिली.

मी म्हटलं, निदान बूच तरी लावू या.

"लावू नको गो," सासूबाई म्हणाल्या. "एकदा त्याच्या नावान उघडला की बंद करुचा नाय. त्येका राग येता."

भर दुपारी बाराला आम्ही निघालो. पुढे हे आणि सासूबाई, मागे मी, मांडीत उघडी बाटली. प्रत्येक खड्ड्याला माझ्या नव्या पातळावर नैवेद्य सांडत होता. वाटेत पोलीस भेटला असता तर त्याला झडतीची गरज नव्हती, नाक पुरेसं होतं.

वस्ती मागे पडली आणि कावळे ओरडायचे थांबले. ते माझ्या आधी ह्यांच्या लक्षात आलं, कारण ह्यांचं गुणगुणणं बंद झालं. ऊन इतकं पांढरं की झाडांना सावली नव्हती. वळणावर चिंच दिसली आणि मोटार आपोआप बंद पडली. वारा नव्हता, तरी चिंचेची एकच फांदी हलत होती.

"मी काही केलं नाही हं," हे हळूच म्हणाले.

फांदीखाली कोणीतरी उभं होतं. उंच, हातात काठी. ते एक पाऊल पुढे आलं आणि काहीतरी खुळखुळलं. घुंगरासारखं.

आता मॅट्रिक पास बाईने काय करावं? मी दार उघडून धावत गेले, त्याच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बाटली वर धरून म्हणाले, "राखणदारा, घे. आमच्या ह्यांची नोकरी तेवढी कायम कर."

"अगं, पोलीस आहे तो!" मोटारीतून ह्यांचा आवाज आला. अगदी बारीक.

माझ्या हातातून बाटली वर ओढली गेली. ना नाव विचारलं, ना गाव, ना परवाना. फक्त काठीच्या टोकाने माझा खांदा मोटारीकडे वळवला.

"चल परत," सासूबाई म्हणाल्या. "मागे बघू नको."

मी चालू लागले. पाठीमागे गटगट आवाज झाला, बराच वेळ. हँडल न मारता मोटार सुरू झाली.

घरी आल्यावर ह्यांना पोलिसाचा पट्टा आठवत होता, सासूबाईंना पांढरं धोतर.

"तू तर पायांशीच होतीस," हे म्हणाले. "पाय सरळ होते की उलटे?"

तिथे माझे डोळे गच्च मिटलेले होते, हे मला कबूल करावं लागलं.

पुढे महिनाभर दारावर थाप पडली की हे मोरीत लपायचे. कोणी आलं नाही. ह्यांनी आडून आडून चौकीवर चौकशी केली, तर त्या रस्त्यावर शिपाई नेमलेलाच नव्हता. आणि नोकरी मात्र कायम झाली, ठरल्यापेक्षा आठ दिवस आधी.

तो पोलीसच होता, असं मी आजही नातवंडांना ठणकावून सांगते. आता त्या वळणावर चिंच नाही, काचेची इमारत आहे. रिक्षा तिथून गेली की मी हात जोडते, एवढंच. कायद्याचा मान राखायला नको?