शेडवाल्यांची बाकं

सत्तरच्या दशकात मी शिरूर आणि दौंड अशा दोन मंडळ्यांचा पाळक होतो, आणि आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता. एक रविवार शिरूरच्या चर्चमध्ये, एक दौंडच्या, मधे एसटीचे धक्के. दोन्हीकडे माणसं आटत चालली होती. वरून निरोप आला होता, दौंडची संख्या अशीच घटली तर तिथं महिन्यातून एकदाच उपासना होईल.

शिरूरला मिशनचं बोर्डिंग बंद झालं आणि पोरांनी भरणारी बाकं ओस पडली. मी ती मागची बाकं काढून शाळेला दिली, सगळ्यांना पुढे दाटीनं बसवलं. गाण्याला एकदम जोर आला. म्हाताऱ्या खूश, मी त्याहून खूश. मग दौंडलाही त्याच काठीनं हाकायचं ठरवलं.

दौंडच्या मंडळीचे पंच, पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ, मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, मागची दोन ऱ्हाऊ द्या. ती शेडवाल्यांची हायेत."

रेल्वेच्या लोकोशेडमधली चार-पाच माणसं रातपाळी संपवून तशीच, कोळशानं काळ्या कपड्यांत, उपासना सुरू झाल्यावर येत आणि शेवटच्या आशीर्वादाआधी निघून जात. मला ती बेशिस्त वाटे. "देवापुढं यायला ठरलेलं बाक कशाला लागतं?" असं मी ठणकावलं, आणि बाकं हलली.

पुढच्या खेपेला शेडमधला एक फिटर दारात येऊन उभा राहिला. पुढे बाकांवर पांढरे सदरे, खाली सतरंजीवर बायका, त्यांतच त्याची बायको. पहिलं गीत संपेपर्यंत तो चपला हातात घेऊन उभा होता. मग गेला. मी पुलपिटावरून पाहत होतो. खाली उतरून त्याला आत आणावं हे सुचलं नाही असं नाही. मला ते कमीपणाचं वाटलं. त्याची लाज अजून जात नाही.

हळूहळू शेडमधलं कुणीच येईना. फिटरची बायको तेवढी यायची. पंच म्हणत, "एकदा घरी जाऊन या, साहेब." मी आज-उद्या करत राहिलो.

वर्षअखेरीस मी मंडळीपुढे अहवाल वाचला. शेडमधली कुटुंबं बदल्यांमुळे गेली, असं त्यात बिनदिक्कत लिहिलं होतं. दोघा-तिघांची बदली झाली होती, बाकीच्यांची मीच करून टाकली.

उपासनेनंतर दारात मी सगळ्यांशी हात मिळवत होतो. फिटरची बायको थांबली.

"सलाम साहेब. आमची बदली न्हाई झाली. मालक हितंच हायेत, दोन गल्ल्या सोडून. आत्ता रातपाळी करून निजल्यात. तुम्हाला कुणी सांगितलं नसंल."

तिनं मला वाट काढून दिली होती, आणि मी ती घेतली. "हो ना, कुणी सांगितलंच नाही," असं म्हणून मी पुढच्या बाईशी हात मिळवला.

नंतरच्या खेपेला ती सतरंजीवर नव्हती, आणि त्या उन्हाळ्यापासून मी दौंडला महिन्यातून एकदाच जाऊ लागलो.