उपाशी करडांचा खेळ

धाकट्याच्या शेतावर महिना पुढे सरकतो तो पोरांना शेत दाखवायला आणणाऱ्या शाळेच्या बसमुळे. बस येऊन गेली की पंधरवडाभर हा खाटेवर आडवा पडून मोबाइलमधले स्वतःचे फोटो बघतो. मग पुढची तारीख जवळ आली की अंगात वारं शिरतं. कुंपणाला रंग, गोठ्याला झाडू, शेणावर माती आणि डोक्यावर गवती टोपी. माझं शेत कुंपणाला लागूनच, पण ती टोपी त्याने उन्हात घातलेली मी तरी पाहिली नाही. पाहुण्यांसमोर घालतो. शेतकरी दिसायला नको?

शेती करते त्याची थोरली बहीण. तिला सगळे ताईच म्हणतात, मीही म्हणतो. नवरा गेल्यावर ती माहेरी आली ती एक पेटी आणि गाभण शेळी घेऊन. आज गोठ्यात पाय ठेवायला जागा नाही. धारा तिच्या, चारा तिचा, लेंड्या भरणं तिचं, खुरं कापणं तिचं. पण जमीन वडिलांनी मुलाच्या नावावर केली, त्यामुळे ताई तिथे राहते ती भावाच्या मर्जीने, आणि तो पठ्ठ्या तिला हे एक दिवस विसरू देत नाही. शाळेच्या पोरांपुढच्या भाषणात ती 'आमची मदतनीस'. मदतनीस! माझं टाळकं सणकतं, ती हसते. तिचं हे हसणं मला कधी पटलं नाही.

शाळांना सगळ्यात जास्त हवं असतं ते करडांना बाटलीने दूध पाजणं. आता पोट भरलेलं करडू बाटलीकडे ढुंकूनही बघत नाही. त्यावर या महाशयांनी शोधलेला उपाय ऐका. भेटीच्या दिवशी उजाडायच्या आत सगळ्या शेळ्या मागच्या खोलीत कोंडायच्या, कुलूप लावायचं आणि करडं उपाशी ठेवायची. बस आली की ती भुकेने पोरांच्या अंगावर धावतात, आणि शाळेच्या बाई गहिवरून म्हणतात, "बघा, किती माया!" माया कसली डोंबलाची? पोटात आग पडलीय त्यांच्या.

ताई कुरकुरत का होईना, हे चालवून घ्यायची. पण एका खेपेला एका शेळीच्या जुळ्यांतलं एक करडू अगदीच अशक्त निघालं. त्याला बाटली ओढवत नव्हती. आचळ तोंडात धरून द्यावं, तेव्हा कुठे दोन घोट घ्यायचं.

"याच्या आईला कोंडू नकोस," ताई म्हणाली.

"एकीला सोडलं तर सगळी तिच्याच मागे लागतील. थोडा वेळ तर आहे, ताई. बस येतेच आहे."

बस कसली येतेय! वाटेत टायर बसलं. बाईंचा फोन आला, दुपार होईल. मागच्या खोलीत शेळ्या ओरडतायत, पुढे करडं ओरडतायत, आणि हा टोपी सारखी करत फाटकात उभा. ते अशक्त करडू ओरडायचंही थांबलं. ताईने त्याचे कान चाचपले. गार.

"किल्ली दे."

"अजून जरा कळ काढ ना! एवढं सगळं जमवलंय मी."

"किल्ली दे म्हणते."

"नाही देत. काय करशील?"

ताईने कोपऱ्यातली पहार उचलली आणि कडीच उचकटली. शेळ्या बाहेर सुटल्या. गोठ्यात जो काही चपचपाट सुरू झाला, तो मला कुंपणापलीकडे ऐकू आला. अशक्ताला तिने मांडीवर घेतलं, आचळ तोंडात धरलं आणि भाऊ काय बोलतोय याकडे मान वळवून पाहिलंही नाही.

बस आली तेव्हा करडं टम्म पोटांनी झोपली होती. पोरं बाटल्या नाचवत राहिली. कुणी तोंड लावेना.

"अहो, कार्यक्रमात तर दूध पाजणं होतं!" बाई फणकारल्या.

"आज जरा बुजलीत," धाकटा हसला आणि ताईजवळ येऊन दातओठ खात म्हणाला, "घर कुणाचंय, विसरलीस वाटतं?"

ताईने आवाज खाली केला नाही. "घर तुझं. शेळ्या माझ्या. संध्याकाळी घेऊन निघू का? सांग, बाईंच्या समोरच सांग."

धाकट्याने बाईंकडे पाहिलं, मग शेळ्यांकडे. शेळ्या गेल्या तर पोरांना दाखवणार काय, रंगवलेलं कुंपण?

"तसं नव्हतं म्हणायचं मला," तो पुटपुटला.

"मग कसं होतं?"

तो टोपी सारखी करत पोरांकडे वळला. मोडलेल्या कडीच्या जागी नवी कडी काही त्याने बसवली नाही.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या शाळेची बस आली. पोरं गवतावर बसून शेळी करडांना पाजते ते बघत होती, आणि हा छाती काढून सांगत होता, "आमच्याकडे पिल्लांना आईपासून तोडत नाहीत. पहिल्यापासून माझं तत्त्वच आहे ते." मी फाटकातून आत घुसणार, तोच ताईने दंड धरला.

"बोलू दे त्याला. ते बघ, स्वतःहून पितंय."

जुळ्यांतलं ते अशक्त करडू चारी पाय रोवून आईच्या कासेला ढुशा देत होतं. ताईला तेवढं पुरलं. मला नाही पुरत.