माजघराच्या भिंतीचा व्हिडिओ

नवरा गेल्यावर माझं आणि धाकट्या दिराचं पटेनासं झालं. त्याची भाताची गिरण आमच्या घराला खेटून. माजघराच्या भिंतीला तडा गेला तेव्हा मी ठरवूनच टाकलं, हा गिरणीचाच प्रताप. पुढची तीन वर्षं त्याच्याशी बोलले ती फक्त भांडायला.

मुलगी पुण्याला इंजिनिअर. सुट्टीत आली तेव्हा तिने भिंतीसमोर मोबाइल तिवईवर पक्का बसवला, दहा मिनिटं शूटिंग केलं आणि लॅपटॉपवरच्या एका प्रोग्रॅममध्ये घातलं. डोळ्यांना न दिसणारी हालचाल हा प्रोग्रॅम कितीतरी पट वाढवून दाखवतो, म्हणाली. पडद्यावर आमची चिऱ्याची भिंत डुलत होती. तड्याच्या दोन्ही कडा उघडझाप करत होत्या. माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. दुसऱ्याच दिवशी ग्रामपंचायतीत गिरण बंद करण्याचा अर्ज दिला.

पंचायतीने बोलावल्यावर तिथे तो व्हिडिओ बघून दीर म्हणाला, "सोमवारी माझी गिरण बंद आसता. तेव्हा काढून दाखव."

सोमवारी मुलीने पुन्हा शूटिंग केलं. भिंत तशीच डुलत होती. ती परसात गेली, आमचा विहिरीचा पंप बंद केला आणि तिसऱ्यांदा शूटिंग केलं. भिंत जागची हलली नाही. पंपाचा कट्टा नवऱ्याने त्याच भिंतीला चिकटून बांधला होता.

"ह्यो व्हिडिओ थंय पंचायतीत दाखवू नको," मी म्हटलं.

"आई, तू अर्ज मागे घे. नायतर मी दाखवतंय."

"तुका काकाचो एवढो पुळको?"

ती लॅपटॉप उचलून पंचायतीकडे निघाली. मलाही मागोमाग जावं लागलं.

दिराने तिन्ही व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिले. "तीन वर्सा माका शिव्या घातलंस, वैनी. माझ्या गिऱ्हायकांक अंगणातसून हाकललंस. आता काय म्हणतंस?"

मी माफी मागितली नाही. "पंप हलवतंय," एवढंच म्हटलं.

"हलव. माझ्या दारात मात्र येव नको."

अर्ज मी मागे घेतला. पंप आम्ही विहिरीपलीकडे नेला, तडा बुजवला. तो पुन्हा उघडला नाही. दिराने दोन्ही घरांच्या मध्ये पत्रे ठोकले. मुलगी आली की पत्र्यांना वळसा घालून काकाकडे चहाला जाते आणि माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. चूक माझीच होती, हे मला कळतं. पण गिरण सुरू झाली की आजही माझं डोकं तापतंच.