पुढच्या खोलीतला कापूस

माझी म्हातारपणाची पुंजी आमच्या पुढच्या खोलीत खिडकीपर्यंत भरलेली होती, आणि तिच्यामुळे आम्हा दोघांना खाज सुटली होती.

झालं असं. सेलूच्या एका खाजगी शाळेत तीस वर्षं गणित शिकवून मी निवृत्त झालो. पेन्शन नाही (गणिताच्या मास्तरला हे तीस वर्षांनी कळलं!), म्हणून हाती आलेली रक्कम मुलाच्या सल्ल्यानं शेअर बाजारात ठेवली. तीच आम्हा नवराबायकोला शेवटपर्यंत पुरवायची होती. "आता निवांत झोपायचं," असं मी बायकोला रोज सांगायचो.

आणि बाजार पडला. झोप उडाली. पुण्याहून मुलगा फोनवर ओरडायचा, "बाबा, हात लावू नका, येईल वर!" पण मला आठवले आमचे वडील, दादा. भाव पडला की ते कापूस विकायचेच नाहीत, घरात भरून ठेवायचे. आम्ही भावंडं त्या ढिगात उड्या मारायचो. काय सुखाचे दिवस होते! डोळ्यांना दिसणारी दौलत!

मी निम्मे पैसे तोट्यात काढले आणि चुलतभावाचा अख्खा कापूस विकत घेतला.

"अहो, म्हातारपणाचे पैसे हायेत ते," बायको कळवळून म्हणाली. "उद्या काय कापूस खाताव?"

"सबूर कर. भाव वाढू दे, मग बघ!"

भाव वाढला नाही. कापूस वाळून हलका व्हायला लागला, त्यात बारीक किडे झाले आणि आम्ही खाजवायला लागलो. आधी पाय, मग पाठ. बायको लाटण्यानं पाठ खाजवायची आणि त्याच लाटण्यानं पोळ्या लाटायची. शेवटी ती स्वतःच व्यापाऱ्याला बोलवायला गेली.

मी घरी एकटा. ढिगाकडे बघता बघता लहानपणीचा तोच वास आला आणि राहवेना. सदरा काढला, स्टुलावर चढलो आणि मारली उडी! कमरेपर्यंत रुतलो. खोटं कशाला सांगू, दादांच्या घरात परत आल्यासारखं वाटलं, डोळे भरून आले. धडपडत वर चढून दुसरी मारली. या वेळी छातीपर्यंत रुतलो आणि काही केल्या निघता येईना.

तेवढ्यात दार उघडलं. दारात बायको आणि व्यापारी. व्यापारी माझाच विद्यार्थी, नफा-तोट्याच्या गणितात कायम नापास!

"सर, तुमी काय करायलाव?"

"माल तपासायलोय," मी म्हणालो.

त्यानं काखेत हात घालून मला उपसलं, वाकून पाया पडला आणि अदबीनं म्हणाला, "सर, माल तुडवलेला हाय. भाव जरा कमी लागंल."

कापूस गेला. पुढच्याच महिन्यात शेअर बाजार वर आला. उरलेले पैसे बायकोनं आपल्या ताब्यात घेतले, आणि मागे ठेवलेल्या थोड्या कापसाची सरकी काढून, पिंजून माझ्यासाठी गादी भरून आणली.

"घ्या," ती म्हणाली. "लय निवांत झोपायचं व्हतं ना? झोपा."

झोपतो. अख्ख्या सेलूत एवढी महाग गादी दुसऱ्या कोणाकडे नाही. फक्त अधूनमधून लाटणं मागावं लागतं!